ऑन्कोसर्कायसिसची गाठपाहणी

त्वचेखालच्या गाठी हाताने चाचपून, गावात ऑन्कोसर्कायसिसचा, म्हणजे ‘नदीकाठच्या अंधत्वा’चा, प्रादुर्भाव किती आहे हे अजमावण्याची पद्धत. ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या सूत्रकृमीमुळे होणारा हा रोग मुख्यत्वे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळतो. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सिम्युलियम माश्या तो पसरवतात. प्रौढ माद्या गाठींत राहतात. त्यांच्या सूक्ष्म अळ्या त्वचेत व डोळ्यांत शिरतात.

पक्क्या निदानासाठी कमरेच्या हाडावरील त्वचेचा बारीक तुकडा काढून सलाइनमध्ये ठेवतात आणि बाहेर येणाऱ्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. हजारो गावांत हे जमणे कठीण. शिवाय लोक वारंवार कातडी काढू देत नाहीत. १९८७ मध्ये या अळ्यांवरचे आयव्हरमेक्टिन हे औषध मोफत देण्याची घोषणा झाल्यावर ते कोणत्या गावाला द्यायचे, हाच मुख्य प्रश्न उरला. गाठपाहणी साधारणतः १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रुळली.

नदीकाठची, माश्यांच्या पैदाशीच्या जागांजवळची गावे निवडतात. प्रत्येक गावात वीस वर्षांवरील, किमान दहा वर्षे तेथे राहिलेले ३० ते ५० पुरुष तपासतात. गाठ तयार होऊन हाताला लागण्यास वेळ लागतो, म्हणून लहान मुले वगळतात. आडोशाला, पण भरपूर उजेडात माणसाला उभे करून कमरेची हाडे, मांडीच्या सांध्याची बाहेरची बाजू, माकडहाड, बरगड्या व गुडघे बोटांच्या टोकांनी चाचपतात. खरी गाठ घट्ट, न दुखणारी आणि बहुधा हाडावर सरकणारी असते. जांघेतील लसिका ग्रंथी, चरबीच्या गाठी व त्वचेतील पुटी यांची येथे हमखास गफलत होते. मध्य अमेरिकेत गाठी अनेकदा डोक्यावर येत. ग्वाटेमालात डॉक्टर रोब्लेस यांनी १९१५ मध्ये त्यांचा डोळ्यांच्या विकाराशी संबंध दाखवला.

२० टक्के वा अधिक पुरुषांत गाठी आढळल्या, तर रोगनियंत्रणाच्या टप्प्यात सर्वसाधारणपणे गाव सामूहिक औषधोपचारास पात्र धरत. ही पातळी त्वचेत अळ्या असलेल्यांच्या सुमारे ४० टक्के प्रमाणाशी जुळते असे मानले जाते. तीस जणांत सहा म्हणजे २० टक्के. पण एवढ्या लहान नमुन्यावरून खरे प्रमाण ८ पासून ३९ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. म्हणून एका गावाच्या आकड्यावर न विसंबता शेजारच्या गावांसह नकाशा वाचावा लागतो.

नडगीवरील ‘बिबट्या कातडी’, म्हणजे रंग उडालेल्या भागात केसांच्या मुळांशी काळे ठिपके उरणे, हेही निर्देशक म्हणून सुचवले गेले. ती लांबून दिसते, कपडे उतरवावे लागत नाहीत. तथापि ती वयाबरोबर वाढते, उपचारानंतरही टिकते आणि भाजल्याचे व्रण, कोड वा कुष्ठाच्या चट्ट्यांशी गोंधळ होतो (कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्शज्ञान कमी होते). त्यामुळे गाठींचा निकष अधिक ग्राह्य ठरतो.

मध्य आफ्रिकेत लोआ लोआ कृमीही असेल, तर केवळ गाठींवरून औषध वाटणे धोक्याचे असते. रक्तात त्याच्या अळ्या फार असतील, तर आयव्हरमेक्टिननंतर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतात. कमी प्रादुर्भावाच्या गावांत गाठपाहणी फारशी उपयोगी नाही. निर्मूलनाच्या टप्प्यात दहा वर्षांखालील मुलांच्या रक्तातील, या कृमीच्या ओव्ही-१६ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात.