करडाचं कोटीपोट दुधानं वाढत नाही

सांगोला-मंगळवेढ्याकडं कुठल्याही वस्तीवर जा, शेळ्या रानात गेल्या की करडं डालग्याखाली झाकलेली असतात, आणि पंधरा दिवसांच्या करडापुढं कुणी पाला टाकला की घरातलं म्हातारं माणूस हमखास बोलणार. आमची आजी म्हणायची, "दूध पितंय तवर पिऊ दे की, पोट बिघडंल त्याचं." मायेनंच म्हणायची, पण करडाच्या पोटात आत काय चालतं ते कळलं ना की वाटतं पाला तेव्हाच टाकायला पाहिजे.

शेळी-मेंढीच्या पोटाचे कप्पे चार. मोठ्या शेळीत कोटीपोटच सगळ्यात मोठं, चारा तिथं आंबतो, तिथूनच रवंथाला वर येतो. नुकत्याच जन्मलेल्या करडात मात्र उलटं, चौथा कप्पा मोठा आणि कोटीपोट म्हणजे बारीकशी पातळ पिशवी. करडू आचळाला लागलं की अन्ननळीच्या टोकाशी असलेली पन्हळ आपोआप मिटते, तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला बगल देऊन सरळ चौथ्या कप्प्यात जातं. म्हणजे दूध कितीही पाजा, अंगाला लागेल, पण कोटीपोट आहे तसंच राहणार.

मग ते वाढतं कशानं? १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वासरांवर याचे फार सुंदर प्रयोग झाले. दुधावरच्या वासरांच्या कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज टाकले, तर पिशवी आकारानं वाढली पण आतून तशीच राहिली, अन्नरस शोषून घेणारे बारीक बारीक उंचवटे असतात ना टॉवेलच्या धाग्यांसारखे, ते काही आले नाहीत. मग दुसऱ्या वासरांना दूधच चालू ठेवून कोटीपोटात थेट ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लाचे क्षार सोडले, आणि उंचवटे फुटले! हीच आम्लं दाणा आंबला की कोटीपोटात तयार होतात. म्हणजे दाण्यानं आतलं अस्तर तयार होतं, आणि पाला-भुसकटानं पोटाचे स्नायू नि आकार. करडाला दोन्ही लागतं.

आणि आंबवणारे जिवाणू? ते आईच्या चाटण्यातून, तिच्याच गव्हाणीत तोंड घातल्यानं येतात, म्हणून दिवसभर डालग्याखाली ठेवणं मला पटत नाही.

आधी चीक, जन्मल्यावर तासाभरात, त्याला पर्याय नाही. दुसऱ्या आठवड्यापासून शेवरी, सुबाभूळ नाहीतर बोरीच्या पाल्याची जुडी करडाच्या तोंडाच्या उंचीला सुतळीनं टांगायची, खाली टाकली की लेंड्या-मुतात भिजते आणि त्यातूनच रक्ती हगवण लागते. सोबत चिमूटभर भरडा. १०० किलोला मक्याचा भरडा ४०, शेंगदाणा पेंड २७, गव्हाचा कोंडा १५, तुरीची चुणी १५, मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ १, असं धरलं की प्रथिनं १८ ते २० टक्क्यांच्या आसपास बसतात. पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या, पैशाकडं बघू नका. कोकरं असतील तर मिनरल मिक्श्चर मेंढ्यांचंच घ्या, गाईंच्यातलं तांबं मेंढ्यांना विषारी पडू शकतं. युरिया घातलेलं खाद्य या वयात अजिबात नको.

भरडा आईनं फस्त करू नये म्हणून वाड्याच्या एका कोपऱ्यात आडव्या-उभ्या काठ्या मारून फक्त पिल्लू आत जाईल एवढी फट ठेवायची. रोज उरलेलं काढून ताजं टाकायचं, हळूहळू वाढवत दोन महिन्यांचं होईपर्यंत १०० ग्रॅमच्या आसपास. घाई केली, एकदम ओंजळभर दाणा दिला तर पोटात आम्ल वाढून करडू आडवं होतं, आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याचा, धोका तर वेगळाच, त्याची लस डॉक्टरांना विचारून पावसाळ्याआधी टोचून घ्या. आणि स्वच्छ पाणी कायम समोर पाहिजे, बादलीतनं प्यायलेलं पाणी बहुतेक कोटीपोटात जातं आणि पाण्याशिवाय आतलं आंबणं चालतच नाही.

असं केलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी संध्याकाळी करडू बसल्या जागी जबडा हलवायला लागतं, पुढ्यात काहीच नसतं, आतलंच वर आणून चघळत असतं. आमच्याकडं ते पहिल्यांदा आजीनंच बघितलं आणि मला हाक मारली, "आगं बघ की, रवंथ करतंय!"