नादारीचा अर्ज केल्यावर मालमत्तेचं आणि करारांचं काय होतं?

नादारी म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं न्यायालयाने जाहीर करणं. 2016 ची दिवाळखोरी संहिता व्यक्तींच्या बाबतीत सध्या फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. बाकी पगारदार, दुकानदार, शेतकरी यांच्यासाठी मुंबई शहराबाहेर 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. मुंबई शहरासाठी 1909 चा कायदा वेगळा आहे. खालची माहिती 1920 च्या कायद्याची आहे.

मालमत्ता

न्यायालयाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते. हा परिणाम आदेशाच्या नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून धरतात. त्यामुळे मधल्या काळात गाडी विकली तर व्यवहार अडकू शकतो. सातबाऱ्यावरचा तुमचा सामाईक हिस्साही यात येतो, आणि नादारीमुक्तीआधी (न्यायालय जुन्या कर्जांतून मोकळं करण्याआधी) वारसाहक्काने काही मिळालं तर तेही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार जे जप्त होत नाही, ते तुमचंच राहतं: कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि राहतं घर (शेतजमीन नव्हे), पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे 31,000 पगार असेल तर 21,000 हातात राहतात, 10,000 पर्यंत जाऊ शकतात. पत्नीचं स्त्रीधन तुमच्या मालमत्तेत धरत नाहीत; पण पावत्या तिच्या नावाच्या असतील तर वाद कमी होतो.

तारण दिलेलं घर मात्र वाचत नाही. गहाणदार बँक आपला हक्क पूर्वीसारखाच वापरते.

सगळ्यात जास्त अर्ज बिघडतात ते बक्षीसपत्रांमुळे. अर्जाआधीच्या 2 वर्षांत भावाच्या किंवा मुलाच्या नावावर फुकट केलेली मिळकत न्यायालय परत घेऊ शकतं. 3 महिन्यांच्या आत एकाच सावकाराला झुकतं माप देऊन पैसे फेडले असतील, तर तेही रद्द होऊ शकतं. असं काही झालं असेल तर अर्जासोबतच्या यादीत लिहाच. लपवलेलं सापडलं की नादारीमुक्ती अडते.

वसुली आणि करार

अर्ज केला म्हणून दावे आपोआप थांबत नाहीत. ते नादार ठरवल्याच्या आदेशानंतर थांबतात. घराचा लिलाव जाहीर झाला असेल, तर अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशाची प्रत लिलावाआधी दरखास्त न्यायालयात (जिथे वसुलीच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी चालू आहे तिथे) द्या आणि तसा अर्ज करा. अटकेपासून संरक्षणही मागावं लागतं. चेक न वटल्याचा फौजदारी खटला चालूच राहतो.

जामीनदार सुटत नाही. तुम्ही मुक्त झालात तरी बँक त्याच्याकडे जाणार, तेव्हा त्याला आधीच सांगा. भागीदारीतले तुम्ही आदेशाच्या दिवशी भागीदार राहत नाही आणि करारात वेगळी तरतूद नसेल तर फर्मच विसर्जित होते. तुम्ही दिलेलं मुखत्यारपत्रही साधारणपणे संपतं. कर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असेल, तर बँक शिल्लक कर्जात वळती करून घेते.

मुक्ती मिळेपर्यंत 50 रुपयांची उधारीसुद्धा नादार असल्याचं सांगूनच घ्यायची. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण शिक्षा 6 महिन्यांपर्यंतची आहे. आदेशात मुक्तीसाठी अर्ज करण्याची मुदत असते. ती चुकली तर नादारी रद्द होऊन घेणेकरी पुन्हा दारात. सरकारी देणं, पोटगी आणि फसवणुकीतून आलेलं कर्ज मुक्तीनंतरही राहतं.

सल्ल्यासाठी भेटीला येताना सर्व कर्जांची पत्रं, घेणेकऱ्यांची नावं-पत्ते, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गेल्या 2 वर्षांतली खरेदीखतं व बक्षीसपत्रं आणि व्यवसाय असेल तर हिशेबाच्या वह्या आणा. वह्यांना जप्तीतून सूट नाही.