जुन्या गिरणीचा ताबा: सहा वर्षांची पार्श्वभूमी

भांडवलशाही जास्त न्याय्य की समाजवाद, हा वाद सोलापुरात निघाला की तो जुन्या गिरणीवर, म्हणजे ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ कंपनीच्या कापड गिरणीवर, येतोच. एक बाजू म्हणते, 1877 मध्ये कुणीतरी भांडवल घातले म्हणून हजारो हातांना काम मिळाले. दुसरी म्हणते, सूत काढले त्या हातांनी, पण दाराला कुलूप घालायचा अधिकार शेवटपर्यंत मालकाकडेच राहिला. चाळी, भोंगा, 1930 चा मार्शल लॉ, फाशी गेलेले चार हुतात्मे हे इथल्या माणसाला सांगायला नको. सहसा सांगितले जात नाही ते 1949 ते 1955 या काळात काय घडले ते. माझ्या मते या वादाची गाठ तिथेच आहे.

जुलै 1949 मध्ये बंदची नोटीस लागली आणि 27 ऑगस्टला गिरणी थांबली. ऑक्टोबरमध्ये सरकारने नियंत्रक नेमला. 9 जानेवारी 1950 रोजी, म्हणजे राज्यघटना लागू व्हायला 17 दिवस उरले असताना, केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम निघाला. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला आहे आणि समाजाच्या एका गटात मोठी बेकारी आली आहे, असे कारण त्यात दिले होते. कामगारांचा उल्लेख एवढाच, ‘एक गट’.

आपल्याकडे सरसकट म्हणतात की सरकारने गिरणी घेतली. ‘घेतली’ या शब्दाने फार घोळ केला आहे. मालकी, ताबा आणि कारभार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने मालकीला हात लावला नाही. भाग (शेअर) भागधारकांच्याच नावावर राहिले. मात्र जुने संचालक आणि व्यवस्थापन पाहणारे एजंट गेले, त्यांच्या जागी सरकारने नेमलेले संचालक आले. भागधारकांना संचालक निवडता येईना, त्यांचा कुठलाही ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय लागू होईना, कंपनी गुंडाळण्याचा अर्जही परस्पर करता येईना. नुकसानभरपाईची तरतूद नव्हती, कारण सरकारच्या मते काही काढून घेतलेच नव्हते.

एक भागधारक देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयात गेला. डिसेंबर 1950 मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी कायदा राखला. माणसाचा भाग त्याच्याकडेच आहे, तो विकता येतो, नफा झाला तर लाभांशही मिळेल. मतदानासारखे काही हक्क गेले म्हणजे मालमत्ता गेली असे होत नाही, असा त्यांचा रोख होता. उरलेल्या दोघांना पटले नाही. गैरकारभार झालेल्या कंपन्या पुष्कळ असताना कायदा एकीसाठीच का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता.

मग सरकारी संचालकांनी पैसा उभा करायला अग्रहक्क भागांमागे (ज्यांना लाभांश आधी मिळतो असे शेअर) प्रत्येकी 50 रुपये मागितले. कारभारात शब्द नाही, पण पैसे भरा. दुसरा एक भागधारक याविरुद्ध लढला आणि डिसेंबर 1953 मध्ये जिंकला. कागदावर मालकी ठेवून तिचा सगळा अर्थ काढून घेतला, तर ते मोबदल्याविना मालमत्ता हिरावणेच आहे, असे न्यायालय म्हणाले आणि कायदा टिकला नाही.

भागधारकाची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण दोन्ही निकालांत बाजू मांडायला उभे होते ते भागधारक, कंपनी आणि सरकार. ज्यांची चूल विझली तो ‘गट’ पक्षकार नव्हताच. न्याय्य काय ते ठरले ते पहिल्यापासून मालमत्तेच्या भाषेत.

जानेवारी 1955 मध्ये सत्ताधारी काँग्रेस पक्षाने मद्रासजवळच्या आवडी या गावी भरलेल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच वर्षी चौथी घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक हितासाठी किंवा कारभार नीट व्हावा म्हणून सरकारने एखाद्या मालमत्तेचे व्यवस्थापन ठरावीक मुदतीसाठी हाती घेतले, तर समानतेच्या किंवा मालमत्तेच्या हक्काच्या आधारे ते रद्द होणार नाही, असा खंड राज्यघटनेच्या कलम 31अ मध्ये आला. त्यामागे सोलापूरच्या या गिरणीचा निकाल होता. 1976 मध्ये राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. 1978 च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचे भौतिक साधन ठरत नाही, आणि ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेतून काढायचे कारण नाही. 31अ मधला तो खंड आजही आहे.

गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. खासगी मालकाची जुनी गिरणी गेली, तशी राज्याच्या महामंडळाकडे गेलेली दुसरी गिरणीही बंद पडली. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी उरली. म्हणून मला नंतरची एक गोष्ट या वादात फार मोलाची वाटते. विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था करून सोलापूरजवळच्या कुंभारीला 10,000 घरांची वसाहत उभी केली. पैसे केंद्राचे, राज्याचे आणि त्यांचे स्वतःचे. 2006 मध्ये ती घरे मिळाली. असंघटित कामगारांसाठीच्या तिथल्याच 30,000 घरांच्या योजनेतली पहिली 15,000 जानेवारी 2024 मध्ये. ज्या हक्कासाठी गिरणीचा भागधारक न्यायालयात गेला, तोच या बायकांना हवा होता: चार भिंती, नाव आपले, काढून घेणारा कुणी नाही. तो त्यांनी लाल झेंड्याखाली मोर्चे काढून मिळवला.

घर झाले. पण रोज वळून नेलेल्या विड्यांतून छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती काढायची, ते अजून कारखान्याचा माणूसच ठरवतो, आणि छाटेत गेलेल्या विडीची मजुरी मिळत नाही.