सौर ट्रॅप कॅमेरा (नाशिक जिल्हा)

सौर ट्रॅप कॅमेरा : माणूस जवळ नसताना वन्यप्राण्याचा फोटो आपोआप टिपणारा आणि छोट्या सौर पॅनेलवर चार्ज होणारा कॅमेरा. पाश्चात्त्य देशांत तो ‘ट्रेल कॅमेरा’ या नावाने शिकारीच्या रानांत रुजला. हंगामाआधी हरणांच्या वाटा आणि पाणवठ्यावर येण्याच्या वेळा हेरणे हे तिथले त्याचे मुख्य काम. शिकाऱ्याला ही फारच सोय होते म्हणून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीलाच बंदी आहे. नाशिक जिल्ह्यात हा कॅमेरा दिसतो तो उसाच्या बांधावर आणि द्राक्षबागेच्या कुंपणाशी. रात्री मळ्यातून गेले ते नेमके काय होते, एवढेच त्याला बहुधा विचारलेले असते.

जनावराकडूनच त्याचा फोटो काढून घेण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटेवर तार ताणून हरणांचे रात्रीचे फोटो मिळवले. शिरास स्वतः आधी शिकारी होते. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तशाच रीतीने वाघ टिपले. मोजणीचे साधन म्हणून या युक्तीला शास्त्रीय बैठक दिली ती वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी, १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने तोच वाघ पुन्हा आला तरी ओळखू येतो. बिबट्याच्या ठिपक्यांचेही तसेच. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो जमले.

नाशिककरांना याहून जवळचा अभ्यास इगतपुरी-सिन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यातला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे वस्तीलगतच्या शेतांत कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आणि तितकीच तरसे तिथे नांदतात, असा त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुलूख अभयारण्याचा नाही, ऊसशेतीचा आणि दाट वस्तीचा आहे. ‘जंगलातून वाट चुकून आलेला बिबट्या’ ही बातम्यांतली ठरलेली भाषा त्या फोटोंपुढे टिकत नाही.

रचना : कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला उष्णतेतला बदल ओळखणारा सेन्सर असतो. गरम अंगाचे काही समोरून सरकले की अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो निघतो. रात्री अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लागतात. त्यांतले ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लांबवर पोचतात, पण मंद लाल चमकतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून चोरीची भीती असेल तिथे तेच घ्यावेत. फोटो मेमरी कार्डात साठतात, सिमकार्ड असल्यास मोबाईलवर येतात. नुसता टपून बसलेला कॅमेरा वीज जवळपास खातच नाही. खातात ते रात्रीचे दिवे आणि फोटो पाठवणारा मोडेम.

नुसत्या पेन्सिल सेलवरच्या कॅमेऱ्याला सेल बदलायला सारखे जावे लागते. दर खेपेला माणसाचा वास आणि तुडवलेले गवत मागे राहते, आणि बिबट्याच्या वावरात शिरण्याची जोखीम ती वेगळीच. पॅनेलमुळे या खेपा वाचतात. त्याची खरी किंमत तिथे आहे.

जागेची निवड : बिबट्याला सावली हवी, पॅनेलला ऊन. नाशिकमधली बहुतेक फसगत इथेच होते. उसाच्या फडात कॅमेऱ्यालाच चिकटवलेले पॅनेल पाने वर आली की अंधारात जाते. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणि पॅनेल वायरने लांब नेऊन बांबूवर किंवा बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याशी. नाशिक २० अक्षांशावर आहे. पॅनेल दक्षिणेकडे साधारण २० अंश कललेले ठेवले की वर्षभर भागते. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेला असावे, म्हणजे उगवतीचे-मावळतीचे ऊन भिंगात शिरत नाही. वायर उंदीर-घुशी कुरतडतात, म्हणून ती ठिबकच्या जुन्या, उभ्या चिरलेल्या नळीत बसवलेली बरी. द्राक्षबागेत फवारणीचा पांढरट थर पॅनेलवर चढतो, तो ओल्या फडक्याने पुसत राहावे लागते.

हवामानही तालुक्यागणिक बदलते. इगतपुरी-त्र्यंबककडे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस ऊन पडत नाही, तिथे सेल घातलेलेच ठेवावेत. सिन्नर-येवल्याला ऊन भरपूर आणि धूळही भरपूर. निफाडला थंडीत पारा कधी ५ अंशांखाली जातो आणि साधे सेल मान टाकतात. एप्रिल-मे महिन्यांत उलटी गत होते. तापलेली जमीन आणि जनावराचे अंग यांत फरक उरत नाही, आणि सेन्सर समोरून गेलेले जनावरही सोडून देतो. वाऱ्याने हलणारे तापलेले पाते मात्र त्याला जनावर वाटते. कॅमेऱ्यापुढचे हातभर गवत न कापता निघून आले तर संध्याकाळपर्यंत शेकडो रिकामे फोटो जमतात.

वापर : बिबट्या म्हणून बोभाटा झालेला प्राणी फोटोत अनेकदा तरस, रानमांजर, उदमांजर किंवा गावातलाच कुत्रा निघतो. बिबट्या असलाच, तर तो कुठल्या पाणंदीने आणि किती वाजता जातो हे आठ-दहा रात्रींत उमगते. दारणा-गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात ही माहिती जिवाच्या मोलाची आहे. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की शेतकरी हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जातो आणि पाण्यासाठी वाकलेला असतो. वाट आणि वेळ कळली तर त्या बाजूला एकट्याने जाणे टळते, शेळ्यांचा गोठा बंदिस्त करता येतो. कॅमेऱ्यापेक्षा दिवसाची वीज अधिक जीव वाचवील, हेही इथे लिहायलाच हवे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे.

बिबट्या दिसला की गाव पिंजरा मागते. तो वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. शिवाय ठाण मांडलेला बिबट्या हलवला तर मोकळ्या जागी दुसरा येतो. म्हणून आधी कॅमेरा, मग पिंजऱ्याचा विचार, हा क्रम योग्य. येवल्याजवळच्या ममदापूर काळवीट संवर्धन राखीवासारख्या ठिकाणी पाणवठ्यावरच्या नोंदींनाही कॅमेरा उपयोगी पडतो. बुद्धपौर्णिमेला मचाणावरून एका रात्रीची गणना होते, कॅमेरा सगळा उन्हाळा जागा राहतो.

वनहद्दीत कॅमेरा लावण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. मळ्याच्या वाटेवर तो माणसेही टिपतो, पहाटे रानात जाणाऱ्या बायकासुद्धा. वस्तीला आधी सांगूनच तो लावावा आणि माणसांचे फोटो पुसून टाकावेत. बिबट्याचा फोटो जागेच्या नावासह व्हॉट्सॲपवर टाकला की तिथे बघ्यांची झुंबड उडते, म्हणून जागा उघड करू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ आधी नीट लावावे. चुकीच्या तारखेचा फोटो पुराव्याला निकामी.

ऊसतोडीच्या दिवसांत कॅमेऱ्याचे सर्वांत नाजूक काम असते. कोयता थांबतो, पाचटात बिबट्याची मांजराएवढी दोन-तीन पिल्ले कुडकुडत असतात. तोड थांबवून वनरक्षक पिल्लांची तपासणी करवून घेतात. अंधार पडायच्या सुमारास ती सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, समोर कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जाऊन बसतात. मादी येते, क्रेटभोवती फिरते, तो आडवा करून एक पिल्लू मानेला धरून उचलते. थोड्या वेळाने पुन्हा येते, दुसऱ्यासाठी. ती पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी क्रेट पुन्हा त्याच सरीत ठेवतात.