केबल लावली, तरी पडदा काळा का?

लॅपटॉप टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलचं टोक उजेडात धरून पाहिलं, तर आत दोन ओळींत बारीक पट्ट्या दिसतात. त्या एकूण १९. चित्र आणि आवाज वाहून नेण्याचं काम त्यातल्या पहिल्या बारांकडे असतं. उरलेल्या सातांपैकी बहुतेक पट्ट्या लॅपटॉप आणि टीव्हीने एकमेकांशी बोलावं म्हणून आहेत. ‘नो सिग्नल’, कापलेल्या कडा, काळा पडदा या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा या बोलण्यात असतं. लोक मात्र आधी महागडी केबल घेऊन येतात.

केबल जोडली की १८ क्रमांकाच्या पिनेतून, म्हणजे पट्टीतून, लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो. टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवर ‘मी आलोय’ असा इशारा देतो. मग लॅपटॉप १५ आणि १६ क्रमांकांच्या पिनांवरून टीव्हीची ओळख वाचून घेतो: पडदा किती पिक्सेलचा, सेकंदाला किती चित्रं झेपतात, आवाजाचे कोणते प्रकार चालतात. ही सगळी कुंडली १२८ बाइटच्या एक-दोन तुकड्यांत मावते. ती नीट वाचली गेली नाही, तर लॅपटॉप अंदाजाने ६४० बाय ४८० किंवा १०२४ बाय ७६८ असं काहीतरी पाठवतो, नाहीतर काहीच पाठवत नाही. म्हणून क्रम पाळावा. केबल जोडा, टीव्ही चालू करून रिमोटने नेमका तोच एचडीएमआय पोर्ट निवडा आणि मग लॅपटॉप सुरू करा. तरीही चित्र आलं नाही, तर चार्जर काढून आणि टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करून केबल काढा, दहा सेकंद थांबा, केबल परत लावा आणि टीव्ही चालू करा. त्याने हा संवाद पहिल्यापासून सुरू होतो.

यूट्यूब दिसतं, पण सिनेमा लावला की पडदा काळा आणि आवाज चालूच, ही तक्रार वेगळी. सिनेमाचं चित्र केबलमधून कुलूपबंद जातं. या व्यवस्थेला एचडीसीपी म्हणतात. तिच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाकडे ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असतात. दोन्ही बाजूंचं गणित जुळतंय का, हे दर १२८ फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र), म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, तपासलं जातं. मधे एकाच चित्राच्या दोन वाटा करणारा स्वस्तातला स्प्लिटर किंवा जुन्या व्हीजीए पोर्टाचा ॲडॉप्टर असेल, तर हे गणित जुळत नाही आणि सिनेमाचं ॲप चित्र रोखून धरतं. थोड्या थोड्या वेळाने चित्र क्षणभर जाऊन परत येत असेल, तर संशय आधी अशाच मधल्या जोडावर घ्यावा. लॅपटॉपची केबल सरळ टीव्हीत लावून पाहिली की खात्री पटते. फोर-के सिनेमासाठी साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपीची २.२ ही आवृत्ती लागते. एक जरी जुनं असलं, की दर्जा खाली येतो.

चित्र आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. इथे मात्र दोन मिनिटं जरूर द्यावीत, कारण सिनेमाची खरी मजा या सेटिंगांत आहे. विंडोजमध्ये विंडोज-की आणि पी एकत्र दाबा आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. ‘डुप्लिकेट’ ठेवलं तर दोन्ही पडद्यांना झेपेल तेवढंच चित्र जातं, आणि लॅपटॉपचा छोटा पडदा मोठ्या टीव्हीला आपल्या पातळीवर ओढतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि लॅपटॉप साधारणपणे ६० पाठवतो. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतात. अर्धी फ्रेम काही दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, अशी वाटणी होते. एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, तर पुढची ५०. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरत असेल तेव्हा हे हिसके स्पष्ट जाणवतात. डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन २४ किंवा २३.९८ हर्ट्झ (सेकंदाला तितकी चित्रं) निवडा, हालचाल एकसारखी होते. या वेगाला माउसचा बाण अडखळत चालतो, त्यामुळे सिनेमा संपल्यावर परत ६० करून ठेवा.

कडा कापल्या जात असतील, तर ती टीव्हीची जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय आहे. टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ यांपैकी जे नाव असेल ते चालू करा. रात्रीची दृश्यं राखाडी किंवा अगदीच काळीकुट्ट दिसत असतील, तर टीव्हीतलं ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ हे सेटिंग बदलून पाहा. लॅपटॉप काळा ते पांढरा ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतो, टीव्ही बहुधा १६ ते २३५ मध्ये, आणि दोघांचं माप एकच असावं लागतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा.

नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर ॲडॉप्टर घेण्याआधी त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का, हे मॉडेलच्या माहितीत पाहून घ्या. सगळ्या टाइप-सी पोर्टांना ते जमत नाही.

केबलशिवायही जोडता येतं, पण त्यामागचं गणित समजून घ्या. फुल एचडी सिनेमा इंटरनेटवरून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट एवढाच येतो, कारण तो दाबून लहान केलेला असतो. लॅपटॉप तो उलगडतो तेव्हा १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट आणि सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळपास ३ गिगाबिट होतात. केबल हा सगळा ऐवज जसाच्या तसा नेते. विंडोज-की आणि के दाबून वाय-फायने पडदा पाठवला, तर लॅपटॉपला तो परत दाबावा लागतो. चित्र धूसर होतं आणि उशीरही होतो. ‘कास्ट’ची गोष्ट वेगळी. त्यात टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून सिनेमा घेतो आणि लॅपटॉप नुसता रिमोट उरतो. ॲपमध्ये ती सोय असेल तर तीच वापरावी.

आपल्याकडे एक जास्तीची काळजी लागते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चार्जर लावला, की लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हलकी झिणझिण जाणवते. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून तेवढा किंचित प्रवाह झिरपतो. टीव्हीला डिश किंवा केबलची जाड वायर जोडलेली असते आणि तिचा व्होल्टेज वेगळा असू शकतो. अशा वेळी चालू अवस्थेत एचडीएमआय खोचली, तर पोर्ट जळू शकतो. त्यामुळे लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करा, केबल जोडा आणि मगच टीव्ही चालू करा. चार्जर सगळ्यात शेवटी, टीव्ही ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर लावा. तरीही झिणझिण लागत असेल, तर त्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.