वजन वाढले की घट्ट बसणारी पायरी

मागच्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनमध्ये भाच्याकडे गेलो असताना त्याच्या शेजाऱ्यांनी एका संध्याकाळी कुंपणावरून अ‍ॅल्युमिनियमची एक वस्तू माझ्या हाती दिली. तळहाताएवढी उभी पट्टी, तिला काटकोनात वेल्डिंग केलेला वीतभर चौकोनी पाइप, पट्टीच्या खालच्या कडेला करवतीने कापलेले चार दात आणि वरच्या भोकातून ओवलेली करडी दोरी, असा तो ऐवज होता. धातूवर धातू आपटून आवाज होऊ नये म्हणून पाइपला, आइस हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती. हरणांच्या शिकारीसाठी झाडावर चढायची ही घरी बनवलेली पायरी. "मामा, तुम्ही आयुष्यभर मुलांना मेकॅनिक्स शिकवलंत, ही धरेल का ते सांगा," असे भाचा म्हणाला, आणि शेजाऱ्यांनी लगेच पुस्ती जोडली की आपण दोरी इतकी आवळतो की छेडली तर तारेसारखी वाजते, तेव्हा काळजीचे कारण नाही. मला काळजी वाटली ती नेमकी या खात्रीची.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांची शिकार बंद आहे. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या मोसमात करता येते. मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा मोसम सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा. बाणाने शिकार करायची तर हरीण वीस-तीस मीटरच्या आत यावे लागते, आणि इतक्या जवळून त्याच्या नजरेत व नाकात न येण्यासाठी शिकारी पाच ते सात मीटर उंचीवर, झाडाला बांधलेल्या छोट्या मचाणावर बसतो. तिथवर चढण्यासाठी पायऱ्या लागतात, आणि त्या पाठीवरून वाहून न्यायच्या, अंधारात बांधायच्या व उतरताना सोडवून परत आणायच्या असतात.

खोडात स्क्रूसारखी पिळून बसवायची लोखंडी पायरी हा यावरचा जुना उपाय होता. मिशिगनच्या सार्वजनिक जंगलांत आता तो चालत नाही; सालीच्या आतल्या कॅम्बियमपर्यंत पोचणारी कोणतीही वस्तू झाडावर चढण्यासाठी वापरायला तिथे मनाई आहे. कॅम्बियम हा खोडाभोवतीचा कागदासारखा पातळ जिवंत थर असतो आणि झाडाची जाडी त्याच्यामुळे वाढते. कोकण-गोव्यातल्या वाचकाला इथे शंका येईल की आपल्याकडे माडाच्या खोडाला सर्रास खाचा पाडतात, नारळ काढणारा पाडेली वर्षानुवर्षे त्यांवर पाय देऊन चढतो, तरी माडाला काही होत नाही. ते खरे आहे, पण माड ओकसारखा घडलेला नाही. माडाला कॅम्बियमचे कडेच नसते, त्याच्या अन्नपाण्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून चार-दोन खाचांनी त्याचे अडत नाही. मात्र त्याच कारणाने त्याची खाच कधी भरूनही येत नाही. ओकचा सगळा जीव सालीखालच्या त्या एका थरात एकवटलेला असतो. म्हणून तिथली पायरी बाहेरच्या मृत सालीवरच, केवळ घर्षणाच्या जोरावर उभी राहायला हवी.

हे घर्षण येते कुठून, ते पाहण्यासारखे आहे. दोरी पायरीच्या वरच्या भोकातून निघून खोडाला मागून वळसा घालते आणि पायरीपाशी परत येते. पायरीची खालची कड सालीवर टेकलेली असते. आता पाइपवर पाय ठेवला की वजन खोडापासून काही अंतरावर खाली दाबते आणि पायरी पुढच्या बाजूला कलंडू पाहते. कलंडायचे तर वरचे टोक खोडापासून दूर जायला हवे, पण तिथे दोरी ओढून धरते. खालची कड त्याच वेळी खोडात घुसू पाहते. म्हणजे पडायच्या प्रयत्नातच पायरी खोडाला वरून कवटाळते आणि खालून रेटते. भिंतीतल्या खुंटीला पिशवी अडकवली की खुंटी भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर रुतते, तसलाच हा प्रकार आहे, फक्त इथे भोक नाही.

शाळेतला तरफेचा नियम लावू. पावलाचे खोडापासूनचे आडवे अंतर १५ सेंटिमीटर आणि दोरी व खालची कड यांच्यातले उभे अंतर १० सेंटिमीटर धरा. कलंडवणारे आघूर्ण (फिरवण्याचा जोर) म्हणजे वजन गुणिले १५, ते रोखणारे म्हणजे दोरीची ओढ गुणिले १०. दोन्ही समान असायला हवीत, म्हणून दोरीची ओढ वजनाच्या दीडपट होते, आणि खालची कडही सालीला तेवढ्याच जोराने दाबते. कपडे, बूट, धनुष्य धरून माणूस १०० किलोचा असेल, तर मागे १५० किलोची ओढ आणि पुढे १५० किलोचा रेटा. खडबडीत कोरड्या सालीचा घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा, ०.४ धरला, तर दोन्ही ठिकाणचे मिळून घर्षण १२० किलोपर्यंत जाऊ शकते. गरज १०० किलोची आहे. पायरी धरते.

आता माणूस ५० किलोचा घ्या. ओढ ७५, रेटा ७५, घर्षण ६०, गरज ५०. म्हणजे तीच पायरी त्याच प्रमाणात धरते. वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे कटून जाते, आणि उरते ते असे: घर्षणांकाची दुप्पट गुणिले आडवे अंतर भागिले उभे अंतर, हे उत्तर १ पेक्षा मोठे असले की पायरी निसटत नाही, मग वर कोणीही उभा राहो. मी तीस वर्षे हा नियम फळ्यावर काढत आलो आहे आणि दर वेळी वजन कटताना मला तोच आनंद होतो. (अधिक काटेकोर वाचकासाठी: दोरी खोडाला अर्धवर्तुळात मिठी मारते, त्यामुळे तिचा सालीवरचा एकूण दाब सरळ ओढीच्या सुमारे दीडपट भरतो आणि प्रत्यक्ष घर्षण या हिशेबापेक्षा थोडे जास्तच मिळते. मी ती बचत मुद्दाम मोजली नाही.)

या सूत्राचा खरा दणका पुढे आहे. आडवे अंतर कमी केले तर काय होते? घाबरलेला नवशिका पाऊल पाइपच्या टोकावर ठेवत नाही. तो खोडाला चिकटतो, बुटाचे नाक आडवे करून सालीशी लावतो, कारण टोकावर पायरी वाकेल असे त्याला वाटते. समजा वजन खोडापासून जेमतेम ६ सेंटिमीटरवर आले. दोनदा ०.४ गुणिले ६ भागिले १० म्हणजे ०.४८. निम्मेही नाही. जिथे सुरक्षित वाटते तिथेच पायरी घसरते, आणि जिथे भीती वाटते तिथे ती धरून राहते. पावसाने साल ओली झाली आणि घर्षणांक ०.२५ वर आला, तर टोकावरचे उत्तरही ०.७५ होते, म्हणून खालच्या कडेला दात हवेत, पण मृत सालीत रुतण्यापुरतेच.

दोरी आवळण्याला मग अर्थच नाही का? आहे, पण वाटतो तो नाही. आधीच्या ताणाने मिळणारे घर्षण पावलाच्या जागेवर अवलंबून नसते, त्यामुळे खोडालगत पाय पडला तर तोच ताण वाचवतो. मात्र ०.४ घर्षणांकाला १०० किलो पेलायचे तर हा ताण १२५ किलोचा असावा लागतो, आणि केवळ हाताने ओढून तो येत नाही. म्हणून जाणकार शिकारी पायरी आधी तिरपी, टोक वर करून बांधतात आणि मग तिचाच तरफेसारखा उपयोग करून ती खाली दाबतात. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटवणे मला नेहमी अवघड गेले आहे: आधीचा ताण आणि वजनाने आलेली ओढ यांची बेरीज होत नाही. पायरीचा वरचा भाग खोडाला टेकलेला असेतोवर नवे वजन दोरीला फारसे जाणवतच नाही, ते वरचा दाब खाली सरकवण्यात खर्ची पडते. ढोबळमानाने दोन्हींतले जे मोठे असेल तेच दोरीत असते. हा मुद्दा डोक्यावरून गेला तरी पुढचे अडणार नाही.

दोरीबद्दल मात्र थांबायला हवे. शेजाऱ्यांची दोरी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची होती, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची लांबलचक साखळ्यांची भावंडे. अशी ६ मिलिमीटरची दोरी तुटायला सुमारे साडेतीन-चार टन लागतात, आणि इथे तर तिच्या प्रत्येक बाजूला ७५ किलो येतात. तिचा दोष बळात नाही, बुळबुळीतपणात आहे. खुंटीला दोरी गुंडाळली की ताण प्रत्येक वेढ्यागणिक गुणाकाराने घटतो. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे. घर्षणांक ०.३ असलेल्या साध्या दोरीचा एक पूर्ण वेढा ताण साडेसहापट कमी करतो. या गुळगुळीत दोरीचा खुंटीवरचा घर्षणांक ०.१ धरला, तर तेवढ्याच घटीला तीन वेढे लागतात. हाताच्या सवयीने एक वेढा आणि एक गाठ मारणारा इथे फसतो, कारण दोरी शाबूत राहते आणि गाठच सरकते. म्हणून या दोरीला गाठ मारत नाहीत, टोक तिच्याच पोकळ विणीत, व्यासाच्या सुमारे ७० पट लांबीपर्यंत, ओवून ठेवतात. ओढ आली की बाहेरची वीण आवळते आणि आतले टोक करकचून धरते. ६ मिलिमीटरच्या दोरीला त्यासाठी ४० सेंटिमीटरहून अधिक शेपूट खर्ची पडते, आणि नवखे नेमकी तिथे काटकसर करतात.

राहिला धातू. "विमानाच्या दर्जाचे अ‍ॅल्युमिनियम आहे," असे शेजारी अभिमानाने म्हणाले. हा शिक्का तिकडे सायकलपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत कशावरही मारलेला दिसतो, आणि वेल्डिंगच्या जोडाला त्याचा उपयोग गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकाच. हिशेब असा. २५ मिलिमीटर चौकोनी, ३ मिलिमीटर जाडीच्या पाइपवर १५ सेंटिमीटरवर १०० किलो ठेवले, तर मुळाशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८६ न्यूटन ताण येतो. मूळ मिश्रधातू २७०च्या आसपास झेपवतो. पण त्याला ते बळ कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेने दिलेले असते, आणि वेल्डिंगची आच ते जोडाजवळ निम्म्याहून खाली आणते. वर, पाय अलगद न ठेवता एकदम टाकला तर ताण दुप्पट होतो: १७२. जोडाची ताकद त्याच्या बरीच खाली. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखे नाही. लहान-लहान भारांचीही उजळणी ते विसरत नाही, आणि भेग हळूहळू पुढे सरकत राहते.

मी त्यांना चिकटपट्टी सोडायला सांगितले. एक मोसम वापरलेल्या त्या पायरीच्या जोडाच्या वरच्या अंगाला केसाएवढी काळी रेघ होती. बोटाला ती लागत नव्हती, नखाला लागत होती. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

पुढच्या शनिवारी त्यांनी दुसरी पायरी केली: वेल्डिंग नाही, खालून तिरका टेकू आणि सगळे जोड बोल्टचे. तरीही चढताना जमिनीपासूनच अंगावर पूर्ण पट्टा आणि तो खोडाला बांधलेल्या जीवनदोरीला अडकवलेला हवाच, यावर आमचे एकमत झाले. त्या जीवनदोरीवर सरकणारी आणि झटका बसताच आवळणारी गाठही वेढ्यांच्या त्याच नियमावर चालते.

त्यांच्या मागच्या अंगणातल्या मेपलला, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोरी मुद्दाम न ताणता पायरी बांधली. शेजारी, माझ्या दीडपट वजनाचे, टोकाजवळ पाय ठेवून उभे राहिले. पायरी हलली नाही, दात सालीत रुतल्याचा बारीक करकर आवाज तेवढा आला. मग पायरी सोडून नव्या जागी तशीच सैल बांधली आणि मी, ६८ किलोचा, बुटाचे नाक खोडाला लावून चढलो. पायरी दोन बोटे खाली घसरली, मीही तिच्याबरोबर, आणि भाच्याने दंड धरला. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि पाइपवरच्या नव्या चिकटपट्टीवर, खोडापासून चार बोटे सोडून, त्याच्या आत पाय पडू नये म्हणून एक जाड काळी रेघ मारली.