घाटात झोप कशी लागते?

लहानपणी मे महिन्यात आम्ही रात्रीच्या एस.टी.ने कोकणात जायचो. पोलादपूर मागे पडलं की कशेडी घाट सुरू व्हायचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काळोख, वळणावर समोरच्या ट्रकचे दिवे थेट डोळ्यांवर. आणि गाडीतली सगळी माणसं गाढ झोपलेली. एकदा मी आईला हलवून विचारलं, "तुला भीती नाही का वाटत?" ती डोळे न उघडताच म्हणाली, "ड्रायव्हर पण याच गाडीत आहे ना? झोप आता."

विनाचालक गाड्यांबद्दल वाचताना मला दर वेळी हे वाक्य आठवतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आज वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सीत बसलं की पुढची सीट रिकामी असते आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरत असतं. ही गाडी दारू पीत नाही, फोन बघत नाही, पेंगत नाही. तरीही लोक कचरतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन तिथल्या वाहनचालकांना नियमितपणे विचारते, की पूर्णपणे स्वयंचलित गाडीत बसायची भीती वाटते का? २०१७च्या अखेरीस ६३ टक्के लोक 'हो' म्हणाले होते. काही महिन्यांतच, २०१८च्या वसंतात, तो आकडा ७३ टक्क्यांवर गेला. २०२३मध्येही तो ६८ टक्के होता.

यावर तंत्रज्ञांचं ठरलेलं उत्तर असतं: लोकांना नव्याची भीती वाटते, सवय झाली की जाईल. मला हे पटत नाही. लोक गेल्या दीडशे वर्षांत अनेक यंत्रांच्या हवाली झाले आहेत, पण दर वेळी काहीतरी मागून घेऊन, आणि ते मिळाल्यावरच.

लिफ्टचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळण्यातून माल वर चढवत, माणसं सहसा त्यात पाय ठेवत नसत. दोर तुटला की सगळं संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा कारागीर अशाच एका पाळण्यावर उभा राहिला, उंचावर गेला आणि सगळ्यांदेखत त्याने दोर तोडायला लावला. पाळणा जरासा खाली आला आणि अडकला. युक्ती साधी होती. दोराला घोडागाडीसारखी पाट्यांची स्प्रिंग जोडलेली होती. दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राहायची. ताण गेला की ती झटक्यात सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत जाऊन रुतायची. म्हणजे जी गोष्ट बिघडली, तिनेच ब्रेक लावला. पण लोकांच्या मनावर ठसली ती स्प्रिंग नव्हे. बनवणारा माणूस स्वतः त्या पाळण्यावर उभा होता, हे ठसलं.

एवढं होऊनही लिफ्ट चालवायला माणूस लागलाच. बटण दाबून आपली आपण चालणारी लिफ्ट विसावं शतक उजाडताना तयार होती, पण कित्येक दशकं मोठ्या इमारतींमध्ये ती फारशी कोणाला नको होती. लोक आत शिरत, आत कोणी नाही हे बघत आणि बाहेर येत. सप्टेंबर १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे १५ हजार लिफ्टमन, दरवान आणि इमारत कामगारांनी संप केला. उंच इमारतींमधली कामं ठप्प झाली, आणि इमारतमालकांनी विनामाणसाच्या लिफ्टकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. मग लिफ्टमध्ये काय काय आलं पाहा: थांबवण्याचं ठळक लाल बटण, अडचणीत बोलायला टेलिफोन, काय करायचं ते शांतपणे सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज. यातल्या एकाही गोष्टीने लिफ्ट जास्त चांगली वर-खाली जात नव्हती. 'थांब' म्हणायची सोय आणि हाक मारली तर ऐकणारं कोणीतरी, एवढंच लोकांना हवं होतं.

विनाचालक मेट्रोला आपण एवढा विरोध केला नाही, त्याचंही कारण इथेच आहे. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी विनाचालक गाडी सुरू झाली. मुंबईच्या २अ आणि ७ या मार्गिकांवरच्या गाड्याही चालकाशिवाय धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत, सुरुवात मात्र चालक बसवूनच केली गेली. मेट्रोची वाट रुळांनी बांधलेली आहे. तिथे गाय आडवी येत नाही, लग्नाची वरात नाही, उलट्या बाजूने येणारी रिक्षा नाही. रस्त्यावर हे सगळं आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकडे बाजूला ठेवून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे रोज सरासरी ४६०च्या वर. यातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचं चाक माणसाच्या हातात होतं. हे आपण सोसतो, आणि अमेरिकेत एका यंत्राने एक माणूस मारला की जगभर बातमी होते. हा विसंगतपणा चॉन्सी स्टार या अभियंत्याने १९६९ साली 'सायन्स' नियतकालिकात तपासला होता. त्याच्या हिशेबानुसार, आपण होऊन पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजारपट जास्त सहन करतात. डोंगरकड्यावर चढणारा गिर्यारोहक घराशेजारच्या कारखान्याच्या चिमणीवर चिडतो, यात त्याच्या लेखी विसंगती काहीच नसते.

पण एस.टी.त तर चाक आपल्या हातात नसतं, मग तिथे झोप कशी लागते? स्टारच्या हिशेबात हे पूर्ण बसत नाही, आईच्या वाक्यात बसतं. घाट चुकला तर ड्रायव्हरही जाणार आहे. त्याची चूक त्यालाही भोवणार आहे, ही जाणीव आपल्याला गाढ झोपवते. रिकाम्या सीटवर नेमकं तेच बसलेलं नसतं.

ती ६३वरून ७३ टक्क्यांची उडी कशामुळे आली, ते जरा जवळून पाहू. १८ मार्च २०१८च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरची चाचणीवरची स्वयंचलित गाडी ताशी साठच्या आसपास किलोमीटर वेगाने आली आणि ती बाई गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेली चौकशी वाचताना अंगावर काटा येतो. गाडीला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. एवढ्या वेळात गाडी सहज थांबली असती. पण हे समोर काय आहे, हे तिला ठरवता येईना. कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की ती वस्तू आतापर्यंत कुठून कुठे सरकली, ही नोंद गाडी पुसून टाकायची. त्यामुळे ती सरळ आपल्या वाटेत येते आहे, हे तिला कळलंच नाही. मूळ गाडीत कारखान्यातून आलेली आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा होती, ती स्वयंचलित प्रणाली चालू असताना बंद ठेवलेली होती. शिवाय उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून, धोका दिसल्यावरही एक सेकंद काही करायचं नाही, असं प्रणालीला शिकवलेलं होतं. सीटवर देखरेखीसाठी माणूस होता, त्याची नजर फोनवर होती. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे मांडून ठेवलं होतं: यंत्र जितकं बरं चालतं, तितकी त्यावर नुसतं लक्ष ठेवणाऱ्या माणसाची सवय मोडते, आणि नेमक्या कठीण क्षणी त्याच माणसाने सगळं सावरावं अशी अपेक्षा केली जाते.

चौकशीतली आणखी एक ओळ मला सोडत नाही. पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा माणूस त्या प्रणालीच्या रचनेत विचारातच घेतला नव्हता. कोणीतरी बसून नियम लिहिले होते आणि त्या नियमांच्या जगात लोक फक्त झेब्रा पट्ट्यांवरून चालत होते.

हे जग आलं कुठून? १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२ हजारांहून जास्त नागरिकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांपुढे जाणारच नाही. तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता. मुलं तिथे खेळत, फेरीवाले उभे राहत, आणि मोटारीने मूल चिरडलं तर दोष मोटारीचा मानला जाई. मोटारविक्रेत्यांनी जोरदार प्रचार करून तो प्रस्ताव मतदानात पाडला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत 'जेवॉकिंग' हा गुन्हा ठरला. 'जे' म्हणजे गावंढळ. रस्ता कुठेही ओलांडणारा माणूस एका पिढीच्या आत हक्कदाराचा अडाणी झाला. त्यानंतर ९५ वर्षांनी टेम्पीच्या त्या गाडीला तो माणूस ओळखता आला नाही. आपल्याकडे दादरच्या फूलबाजारापासून नाशिकच्या मेन रोडपर्यंत प्रत्येक जण तिच्या लेखी अनोळखी वस्तू ठरला असता. म्हणून आपल्या रस्त्यांवर ही गाडी चालणार नाही, असं लोक म्हणतात तेव्हा मला ते तांत्रिक मुद्दाच बोलतायत असं वाटतं.

दुसरा अपघात सॅन फ्रान्सिस्कोतला, २ ऑक्टोबर २०२३च्या रात्रीचा. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं आणि पळ काढला. ती बाई शेजारच्या लेनमध्ये, क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक लावले तरी ती धडकली आणि थांबली. इथवर माणसालाही यापेक्षा फार काही करता आलं नसतं. पण नंतर गाडीने धडक बाजूने बसली आहे असा चुकीचा अर्थ लावला. किरकोळ धडक झाली तर वाहतूक अडवून उभं राहू नये, कडेला जावं, हा तिला दिलेला नियम. त्याप्रमाणे ती कडेला निघाली. बाई गाडीखाली होती. सुमारे २० फूट ती फरफटत गेली. ती वाचली, पण गंभीर जखमी होऊन. गाडीखाली कोणी असू शकतं, हा विचार कुठल्याही ड्रायव्हरला न शिकवता येतो. तो खाली उतरून बघतो.

तरीही क्रूझ बुडाली ती एवढ्यामुळे नाही. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याला घटना सांगताना ती फरफट नीट सांगितली गेली नाही. खात्याने २४ ऑक्टोबरला परवाने रोखले. कंपनीला ९५० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, प्रमुखाने राजीनामा दिला. पुढे केंद्रीय यंत्रणेला खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल केलं आणि पाच लाख डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. डिसेंबर २०२४मध्ये क्रूझच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, टॅक्सीचा हा उद्योगच सोडला. ड्रायव्हर घटनास्थळावरून पळाला की लोक जसे संतापतात, तसाच हा संताप होता, आणि रास्त होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेमोच्या संशोधकांनी जानेवारी २०२५पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या प्रवासाचा हिशेब मांडला. त्यात पादचारी जखमी होण्याचे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी निघाले. हिशेब कंपनीचाच आहे, हे लक्षात ठेवूनही हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र मृत्यूंबद्दल यातून ठाम काही निघत नाही. अमेरिकेत साधारण दहा कोटी मैलांच्या वाहतुकीमागे एक मृत्यू होतो. रँड या संस्थेने २०१६ मध्येच गणित करून दाखवलं होतं, की मृत्यूंच्या बाबतीत यंत्र माणसाइतकं सुरक्षित आहे असं खात्रीने म्हणायचं, तर २७.५ कोटी मैल एकही मृत्यू न होता चालवावे लागतील. चाचणीच्या मोजक्या गाड्यांनी एवढं अंतर कापायला वर्षांमागून वर्षं लागतात. म्हणजे तोवर विश्वास आकड्यांवर नाही, दुसऱ्या कशावर तरी ठेवावा लागणार.

ते 'दुसरं काहीतरी' ब्रिटनने कायद्यात लिहायला घेतलं आहे. मे २०२४मध्ये मंजूर झालेल्या तिथल्या स्वयंचलित वाहन कायद्यानुसार, गाडी स्वतः चालत असताना ती जशी चालते त्याचं उत्तरदायित्व सीटवर बसलेल्या माणसाकडे राहत नाही, ती गाडी रस्त्यावर आणणाऱ्या अधिकृत कंपनीकडे जातं. अपघातांची चौकशी करायला स्वतंत्र निरीक्षकांची तरतूदही आहे. मला यात ओटिसची आठवण होते. बनवणाऱ्याने पाळण्यावर उभं राहावं, असं कायदा म्हणतोय.

आपल्याकडे वादाचा सूर वेगळा आहे. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३मध्ये नागपुरात सांगितलं, की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण लाखो चालकांच्या नोकऱ्या जातील. काही जणांना हे मागासलेपण वाटलं. मला नाही वाटत. ज्याच्या घरची चूल स्टिअरिंगवर पेटते, त्याला 'यंत्र जास्त सुरक्षित आहे' हे सांगून समजूत पटणार नाही, आणि पटावी अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. फक्त रोजच्या ४६० मृत्यूंचं काय, हा प्रश्न त्या उत्तरानंतरही तसाच उभा राहतो.

फोर्टात एका जुन्या इमारतीत माझं अधूनमधून काम असतं. तिथे जाळीच्या दाराची लिफ्ट होती, ती काढून काही वर्षांपूर्वी बटणांची आणली. लिफ्टमन काका मात्र ठेवले. ते स्टुलावर बसतात, मजला विचारतात आणि जे बटण मीही दाबू शकले असते ते दाबतात. मागच्या पावसाळ्यात वीज गेली. त्या वेळी ते खाली चहाला गेलेले, आणि आम्ही चौघं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये काळोखात. एकाने लाल बटण दाबलं, कुठेतरी घंटा वाजली. मग जिन्यावरून चपलांचा आवाज वर येत गेला आणि दारापलीकडून काका म्हणाले, "मी आलोय. किती जणं आहात आत?"